बेभान झालेल्या रुग्णामुळे खर्च कुठे वाढतो?
कोल्हापुरातील रुग्णालयात रुग्ण बेभान होऊन सलाईन उपटून काढू लागल्यास खर्च किती वाढतो, असे आपण विचारले आहे. शामक (रुग्णाला शांत करणाऱ्या) औषधांची किंमत हा त्यातील लहान भाग असतो. परिचारिका, वॉर्डबॉय, सुरक्षारक्षक एकाच खाटेपाशी अडकतात, रुग्ण पडून हाड मोडल्यास किंवा या औषधांच्या अतिगुंगीत न्यूमोनिया झाल्यास मुक्काम लांबतो, आणि राधानगरी, गगनबावड्याहून आलेल्या नातेवाइकांची बुडालेली मजुरी तर कोणत्याच बिलात दिसत नाही, याचे मला फार वाईट वाटते. वृद्धांमध्ये अशा बेभानपणामागे अनेकदा जंतुसंसर्ग, सोडियमची कमतरता, तुंबलेली लघवी किंवा अचानक सुटलेली दारू असते. त्यामुळे कारण लवकर शोधणे आणि ओळखीचे माणूस, चष्मा, श्रवणयंत्र जवळ ठेवणे हे हातपाय बांधण्यापेक्षा माणुसकीचे तर आहेच, शिवाय बहुधा स्वस्तही पडते.