वळणावर गाडी सरळच जाते किंवा मागून घसरते, तेव्हा नेमकं काय करायचं?

आधी ओळखायला शिका, कारण दोन्हीचे उपाय वेगळे आहेत. स्टिअरिंग वळवलंय तरी गाडी वळणाच्या बाहेर सरळ चाललीय म्हणजे पुढच्या टायरची पकड सुटली, हे अंडरस्टिअर. यात घाबरून सगळेजण स्टिअरिंग अजून वळवतात आणि तिथेच फसतात, टायर आधीच घसरतोय, त्याला अजून वळवून पकड येणार नाही. अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू सोडा, स्टिअरिंग किंचित सैल करा, वजन पुढे आलं की टायर परत पकडतात.

ओव्हरस्टिअर म्हणजे मागचा भाग बाहेर फिरतो. मागचा भाग ज्या बाजूला जातोय त्याच बाजूला स्टिअरिंग पटकन फिरवायचं, नजर मात्र जिथे जायचंय तिथेच ठेवायची, आणि गाडी सावरायला लागली की लगेच स्टिअरिंग सरळ करायचं, नाहीतर ती उलट्या बाजूला झटका मारते (हा दुसरा झटका जास्त वाईट असतो). ब्रेक दाबू नका. रिअर व्हील ड्राइव्ह (इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जाते अशी गाडी) असेल आणि जास्त रेस दिल्याने घसरली असेल तर रेस हळू कमी करा. फ्रंट व्हील ड्राइव्ह (ताकद पुढच्या चाकांना जाणारी) गाडीसुद्धा मागून घसरते बरं का, वळणाच्या मधेच अ‍ॅक्सिलरेटर एकदम सोडला की मागचं वजन हलकं होतं म्हणून.

ईएससी (इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल, घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा) असेल तर बंद करू नका, ते एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावतं, जे आपल्याला पायाने जमणारच नाही. पण वेग दुप्पट केला तर त्याच वळणाला चौपट पकड लागते, म्हणून ब्रेक वळणाच्या आधीच मारा.