१४ बाय ११ च्या खोलीत होम थिएटर: पीओपी बंद होण्याआधी काय ठरवायचं

प्रश्नातल्या गोष्टी आधी एकत्र मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. नाशिकला पाथर्डी फाट्याकडे नवा फ्लॅट, खोली १४ बाय ११ फूट, स्लॅबपर्यंत उंची साडेनऊ फूट, एका लांब भिंतीला खिडकी. बजेट अडीच लाख. दुकानातून ७.१.४ चा (सात स्पीकर भोवती, एक खालच्या सुरांचा सबवूफर, चार छतात) ‘हजार वॉट’चा सेट आणि १२० इंची पडदा असं कोटेशन आलंय. टीव्ही की प्रोजेक्टर हे ठरत नाहीये, आणि पीओपीवाला पुढच्या आठवड्यात येतोय.

कोटेशन सध्या बाजूला ठेवा, आधी पीओपीवाल्याचं बघू. रिसीव्हर, म्हणजे सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणारा मुख्य डबा, दोन वर्षांनीही बदलता येतो. छतात आणि भिंतीत काय गेलं ते बदलायचं तर पुन्हा धूळ, पुन्हा रंग, पुन्हा खर्च. म्हणून या आठवड्यात फक्त पाइप, वायर आणि जागा नक्की करा. डबे दिवाळीला घेतले तरी चालतील.

पण जागा ठरवायला पडदा किती आणि बसायचं कुठे हे कळावं लागतं. पडदा ११ फुटांच्या भिंतीवर, म्हणजे १३२ इंचांत. १२० इंची पडदा जवळपास १०५ इंच रुंद असतो. दोन्ही बाजूंना साडेतेरा इंच उरतात, त्यात स्पीकर कोपऱ्यात कोंबल्यासारखा बसतो आणि आवाज घुमतो. १०० इंची पडदा ८७ इंच रुंद आणि ४९ इंच उंच. प्रत्येक बाजूला साडेबावीस इंच मिळतात. तुमच्या खोलीला हाच.

सोफा मागच्या भिंतीला चिकटवू नका. भिंतीलगत बेस फुगतो आणि मागच्या स्पीकरना जागाच राहत नाही. अगदी मधोमध, सात फुटांवरही नको. १४ फुटांच्या लांबीत ४० हर्ट्झच्या आसपास लाट उभी राहते आणि खोलीच्या मध्यावर तो सूर जवळजवळ ऐकूच येत नाही. रुंदीचं तेच ५१ हर्ट्झला होतं. सोफ्याची पाठ भिंतीपासून दोन फूट पुढे ठेवली, की कान पडद्यापासून साधारण ११ फुटांवर येतात. तिथून १०० इंची पडदा सुमारे ३६ अंशांत दिसतो, म्हणजे थिएटरमधल्या चांगल्या रांगेइतका. ६५ इंची टीव्ही त्याच जागेवरून २४ अंशांतच दिसेल, ७५ इंची २८ मध्ये.

आता स्पीकरच्या खुणा. खडू घ्या आणि प्रत्यक्ष भिंतीवर करा, कागदावर नको. पुढचे डावा-उजवा बाजूच्या भिंतीपासून ११ इंचांवर, ट्वीटर (स्पीकरमधला वरच्या सुरांचा छोटा भाग) बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून साडेतीन फुटांवर. सेंटर पडद्याखाली, किंचित वर कलवून. सराउंड, म्हणजे बाजूने आवाज देणारे दोन स्पीकर, दोन्ही बाजूंच्या भिंतींवर, कानांच्या रेषेच्या दोन फूट मागे, चार फूट उंचीवर. खिडकी नेमकी त्याच जागी आली तर तो स्पीकर स्टँडवर घ्या. सराउंड पुढे सरकवून कानांच्या पुढे आणू नका. छतातले दोन सोफ्यावर बसलेल्याच्या कानांपासून एक फूट पुढे, एकमेकांपासून साडेसहा फुटांवर. झालं ५.१.२.

७.१.४ का नको? मागच्या दोन स्पीकरना कानांमागे जेमतेम तीन फूट मिळतील. एवढ्या जवळून ते मागून आवाज देत नाहीत, मानेवर ओरडतात. अकरा स्वस्त स्पीकरच्या पैशांत सात बरे येतात. पुढे हौस झालीच तर छतात आणखी दोन वाढवता यावेत म्हणून त्यांच्या वायरी आत्ताच टाका, आणि भोकं न पाडता सोडून द्या.

वायर: २.५ चौरस मिमी, ऑक्सिजन-फ्री तांब्याची, दोन पदरी. १.५ ची चालते, पण १५ मीटरच्या फेऱ्याला तिचा रोध ०.४ ओहमपर्यंत जातो. ८ ओहमच्या स्पीकरला तीच मर्यादा धरतात. २.५ ला तो त्याच्या साधारण ६० टक्के. बाजारात ‘ओएफसी’ छापलेली बरीच वायर आतून तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम असते. एक तार ब्लेडने खरवडा. आत चांदीसारखी चमकली तर परत करा. बंडल हातात घेतल्यावर हलकं लागणं हीही तीच खूण. खोलीचा हिशोब केला तर सात स्पीकर, प्रत्येक टोकाला तीन फूट जास्तीची आणि छतातल्या दोन राखीव फेऱ्या धरून ८० ते ८५ मीटर लागते. १०० मीटरचं एक बंडल घ्या. एमजी रोडवर नीट मिळाली नाही तर मुंबईला जाणाऱ्या कुणाला तरी लॅमिंग्टन रोडवरून आणायला सांगा, वायरसाठी ते वावगं नाही.

पाइप टाकताना इलेक्ट्रिशियनला चार गोष्टी स्वतः उभं राहून सांगा, चिठ्ठी देऊन होत नाही. विजेची वायर आणि स्पीकरची वायर एका पाइपात नको. समांतर जात असतील तर एक फुटाचं अंतर, आडव्या जात असतील तर काटकोनात. छतात कुठेही जोड नको. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना नाव लिहिलेली चिकटपट्टी. आणि प्रोजेक्टरच्या जागेपर्यंत स्वतंत्र ४० मिमीचा पाइप, मोठ्या वळणाच्या बेंडसह, आत नायलॉनची दोरी सोडून. २५ च्या पाइपातून एचडीएमआयचं डोकं पहिल्याच वळणाला अडकतं आणि मग गडी ते पकडीने ओढतो. केबल बाहेरून शाबूत दिसते, पण चित्र दर दहा मिनिटांनी काळं होतं.

एचडीएमआयची लांबी छतावरून फिरून १० मीटरच्या आसपास होईल. ४के, ६० फ्रेमसाठी साधी तांब्याची केबल पाच-सहा मीटरपर्यंतच भरवशाची. इथे ऑप्टिकल एचडीएमआय लागते. तिला दिशा असते: एका टोकावर ‘सोर्स’, दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’ लिहिलेलं असतं. उलटी टाकली तर काहीच दिसत नाही, आणि ते पीओपीचा रंग वाळल्यावर लक्षात येतं. म्हणून छत बंद करण्याआधी कुणाचा तरी ४के टीव्ही आणि प्लेअर जोडून अर्धा तास चालवून बघा. मग टेप धरून सगळ्या पाइपांचे फोटो काढा.

पीओपीवाल्यासाठी: फॉल्स सीलिंग सहा इंच खाली घ्या, तेवढी पोकळी छतातल्या स्पीकरला पुरते. स्पीकरच्या भोकाभोवती जीआय चॅनेलची (जस्त चढवलेल्या पत्र्याच्या पट्ट्यांची) चौकट मागा. नुसत्या जिप्समवर लटकलेला स्पीकर काही महिन्यांत खरखर करू लागतो आणि दोष स्पीकरला लागतो. प्रोजेक्टरचा हूक सीलिंगला नाही, अँकर फास्टनरने थेट स्लॅबला. सातपूर किंवा अंबडच्या फॅब्रिकेटरकडून लोखंडी दांडी पावडर-कोटिंग करून घेतली तरी उत्तम. प्रोजेक्टरच्या माहितीपत्रकात थ्रो रेशो (लेन्सचं अंतर भागिले पडद्याची रुंदी) १.२ ते १.५ असेल तर १०० इंची पडद्यासाठी लेन्स पडद्यापासून पावणेनऊ ते पावणेअकरा फुटांत कुठेही चालते. साडेनऊ फुटांवर हूक घ्या, बहुतेक मॉडेल त्यात बसतात. लेन्स पडद्याच्या बरोबर मध्यरेषेत हवी. ‘कीस्टोनने सरळ करू’ म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. कीस्टोन म्हणजे चित्राचे पिक्सेल कापून केलेली तडजोड.

टीव्ही की प्रोजेक्टर याचं उत्तर खरं तर खिडकीत आहे. दुपारी खिडकीचे पडदे उघडे ठेवून क्रिकेट बघायचं असेल तर ७५ इंची टीव्ही घ्या आणि सोफा दोन फूट पुढे ओढा. रात्री सिनेमा हाच मुख्य वापर असेल तर प्रोजेक्टर. त्यासाठी किती ल्युमेन, म्हणजे किती उजेड? १०० इंची पडद्याचं क्षेत्रफळ सुमारे ३० चौरस फूट. अंधारात थिएटरइतक्या उजेडासाठी पडद्यावर ४८० ल्युमेन पुरतात. सिनेमा मोडमध्ये छापील आकड्याच्या निम्मेच मिळतात, आणि दिवा जुना होतो तसे आणखी उतरतात. तरी २५०० ते ३००० एएनएसआय (प्रमाणित पद्धतीने मोजलेले) ल्युमेन भरपूर झाले. ऑनलाइन ‘१५००० ल्युमेन’ म्हणून दहा हजारांत मिळणाऱ्या खोक्यांवर एएनएसआय हा शब्द शोधा, तो नसतोच.

ल्युमेनपेक्षा मोठा शत्रू पांढरं छत आहे. पडद्यावरचा उजेड छतावर जातो, तिथून परत पडद्यावर येतो आणि काळा रंग राखाडी होतो. पडद्याजवळचं चार-पाच फूट छत आणि बाजूच्या भिंती गडद, बिनचमकीच्या रंगाने रंगवा. बायको-आई नको म्हणतील हे माहीत आहे, गडद निळा किंवा करडा सुचवून बघा.

आता त्या हजार वॉटकडे येऊ. ८८ डेसिबल संवेदनक्षमतेचा स्पीकर १ वॉटमध्ये तुमच्या आसनापाशी ७७-७८ डेसिबल देतो. संवाद ६५-७० ला ऐकता, म्हणजे बहुतेक वेळ एक वॉटसुद्धा खर्च होत नाही. धमाक्याला ८० वॉट मिळाले की सुमारे ९७ डेसिबल. फ्लॅटमध्ये त्याआधीच दाराची बेल वाजेल. आकडा वाचताना अट वाचा: ‘८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनेल चालू’ असे ७० ते ८० वॉट खरे. ‘६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के डिस्टॉर्शन, एक चॅनेल’ असे दीडशे वॉट म्हणजे जाहिरात.

रिसीव्हर सात चॅनेलचा, ई-आर्क (टीव्हीचा आवाज एचडीएमआयमधूनच रिसीव्हरकडे परत आणणारी सोय) असलेला, डेनॉन, यामाहा, ओन्क्यो यांपैकी ज्याची सर्व्हिस नाशिकला किंवा निदान पुण्या-मुंबईत खात्रीची आहे तो. टीव्ही घेतलात तर एक खोच लक्षात ठेवा: बरेच टीव्ही डीटीएस (सिनेमाच्या आवाजाचा एक प्रकार) पुढे पाठवत नाहीत. ब्लू-रे प्लेअर किंवा मीडिया बॉक्स थेट रिसीव्हरला जोडा, टीव्हीमार्गे नको.

पैशांची वाटणी मी अशी करेन: चित्राला ८० ते ८५ हजार, रिसीव्हरला ५०, पुढच्या तीन स्पीकरना ४५, सराउंड आणि छताचे मिळून २०, सबवूफरला ३०, आणि उरलेले वायर, भिंतीवरची आवाज शोषणारी पॅनेल, विजेच्या कामाला. पुढच्या तिघांत सेंटरवर कंजूषी नको, सिनेमातले जवळजवळ सगळे संवाद तिथून येतात. तिन्ही एकाच मालिकेतले घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठे टीव्ही आणि प्रोजेक्टर यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. कोटेशनमध्ये जुना दर नाही ना, तेवढं बघा.

सबवूफर १२ इंची, एकच. वायर मात्र दोन ठिकाणी ओढा: पुढच्या भिंतीला एक, बाजूच्या भिंतीच्या मध्याशी एक. डिशची आरजी-६ केबल आरसीए टोकं लावून यासाठी छान चालते. जागा शोधायची युक्ती जुनी आणि खात्रीची: सबवूफर तात्पुरता सोफ्यावर ठेवा, ३० ते ८० हर्ट्झचा चढता सूर लावा आणि भिंतीलगत रांगत फिरा. जिथे सगळे सूर सारखे ऐकू येतील तिथे त्याला बसवा. घरचे हसतील, हसू द्या.

भिंतींच्या उपचारात अंड्याचे ट्रे आणि एक इंची फोम यांवर पैसे घालवू नका. ते फक्त वरचे सूर खातात आणि खोली बोदी वाटू लागते. ५० मिमी जाड, घनमीटरला ४८ किलो घनतेचा रॉकवूल (दगडी तंतूंचा गादीसारखा थर) लाकडी चौकटीत, वर मेनरोडवरून आणलेलं आरपार फुंकर जाईल असं कापड, मागे दोन इंच पोकळी. जागा आरशाने ठरते: तुम्ही सोफ्यावर बसा, दुसऱ्याने बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवावा, जिथे पुढचा स्पीकर दिसेल तिथे पॅनेल. ४ बाय २ फुटांचे सहा पुरेत. याने शेजाऱ्यांकडे जाणारा आवाज मात्र थांबत नाही. त्यासाठी दाराची खालची फट आणि खिडकीच्या स्लायडिंगच्या फटी रबराने बंद करा. चार इंची भिंतीपेक्षा आधी तिथूनच आवाज निघतो.

जोडणीनंतर रिसीव्हर सोबतच्या माइकने खोली मोजून स्पीकर जुळवतो. तो माइक स्टँडवर, कानाच्या उंचीला, सोफ्याच्या पाठीपासून हातभर पुढे. पंखा, एसी बंद. सबवूफरवरचा क्रॉसओव्हर (ज्या सुराखालचा आवाज सबवूफरकडे जातो ती हद्द) पूर्ण वर, आवाज अर्ध्यावर. निकालात सबवूफरची पातळी उणे १२ डेसिबल आली तर मोजणी त्या मर्यादेला अडकली आहे. सबवूफरचा आवाज कमी करून पुन्हा मोजा. सबवूफरचं अंतर खऱ्यापेक्षा जास्त दाखवलं तर बदलू नका, ते त्याच्या आतल्या विलंबाचं गणित असतं. सगळे स्पीकर ‘स्मॉल’ (म्हणजे खालचे सूर सबवूफरकडे) आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ हे मात्र हाताने तपासा. यंत्र बऱ्याचदा पुढच्यांना ‘लार्ज’ ठरवतं.

वीज. १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, न्यूट्रल आणि अर्थिंगमधला व्होल्टेज मल्टीमीटरवर दोन-तीनच्या आत. दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर १ केव्हीएचा यूपीएस हवाच. लाइट गेली की त्याच्या आतला पंखा थांबतो आणि तापलेला दिवा तसाच राहतो. स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर प्रोजेक्टर चालवू नका. स्पीकरमधून सतत ‘हूं’ असा आवाज येऊ लागला तर आधी डिशची केबल काढून बघा. थांबला तर तिथे ग्राउंड आयसोलेटर लावा. अर्थिंगची पिन तोडून तो थांबवणारे कारागीर आहेत, त्यांना लांब ठेवा.

प्रोजेक्टरमधला ‘हाय अल्टिट्यूड’ मोड बंदच ठेवा. नाशिक साधारण ६०० मीटरवर आहे, तो मोड दीड हजार मीटरच्या वर लागतो. इथे चालू केला तर फक्त पंखा ओरडतो. आपल्याला त्रास पावसाचा. जून ते सप्टेंबर आठवड्यातून एकदा तरी तासभर सगळं चालू करा, लेन्सवर बुरशी धरत नाही. स्पीकर निवडतानाही कोनाभोवतीची कड रबराची बघा. फोमची कड काही वर्षांत हाताला लागताच भुगा होते.

खिडकी कुठल्या दिशेला आहे आणि पडद्याच्या भिंतीपासून किती फुटांवर, तेवढं कळवा. पश्चिमेची असेल तर पडदा समोरच्या लहान भिंतीवर घेऊन सगळ्या खुणा उलट्या कराव्या लागतील, आणि तेही पीओपीवाला येण्याआधीच.