कार्टून आता कॉम्प्युटरच बनवतो ना? मग स्टुडिओत एवढी माणसं कशाला लागतात?

हाच प्रश्न माझ्या सासऱ्यांनी लग्नाच्या बैठकीत विचारला होता. तेव्हा त-त-प-प झालं, आता सांगतो. मी पुण्यात थ्रीडी ॲनिमेटर आहे, काम बहुतेक लहान मुलांच्या टीव्ही मालिकांचं.

मागच्या वर्षीचा एक शॉट. आजी पाटावरून उठते आणि दाराकडे बघते. 4 सेकंद, आम्ही सेकंदाला 25 फ्रेम (एकेक स्थिर चित्र) धरतो, म्हणजे 100 फ्रेम. आजी माझ्याकडे तयार आली होती: मॉडेलिंगवाल्यांनी घडवलेली, रिगिंगवाल्यांनी आत हाडं-सांधे बसवलेली. पहिल्या फ्रेमला तिला बसवलं, शंभराव्या फ्रेमला उभं केलं. मधल्या 98 फ्रेम कॉम्प्युटरनं क्षणात भरल्या. प्ले केलं, तर आजी लिफ्टमधून आल्यासारखी सरळ वर!

कॉम्प्युटर करतो ते एवढंच.

मग मोबाईल टेकवून ठेवला आणि मीच पाटावरून उठून शूट केलं. पण माझे गुडघे पस्तिशीचे. शेवटी घरी आईला उठायला लावलं. तिनं आधी गुडघ्यावर हात दाबला, डोकं पुढे आलं, आणि कंबर सुटायच्या आधी ती जराशी थांबली. त्या थांबण्याला मी 6 फ्रेम दिल्या, म्हणजे पाव सेकंदही नाही. डेलीजला, म्हणजे रोजचं काम दाखवायच्या बैठकीत, डायरेक्टर म्हणाले, "अजून दोन फ्रेम थांबव. आणि पदर का हलत नाही?" पदर मी विसरलोच होतो. रिटेक.

हाताने चित्रं काढायचे तेव्हाही मुख्य पोझ अनुभवी माणूस काढायचा आणि मधली चित्रं त्याचे मदतनीस, म्हणजे इनबिटवीनर. 1956 साली डिस्नेचे क्लेअर वीक्स मुंबईत सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनला शिकवायला आले. भारतीय ॲनिमेशनचे जनक मानले जाणारे राम मोहन त्यांच्याच हाताखाली तयार झाले. तेव्हापासून आजपर्यंत कॉम्प्युटरनं जागा घेतली ती मुख्यतः त्या इनबिटवीनरची आणि सेल, म्हणजे चित्रांच्या पारदर्शक शीट, रंगवणाऱ्यांची. कुठे थांबायचं, किती थांबायचं, हे अजून माणूसच ठरवतो.

आता हिशेब करा. 11 मिनिटांचा एक भाग म्हणजे 16,500 फ्रेम. माझ्याच्यानं दिवसाला दहा-बारा सेकंद होतात, तेही रिटेक कमी असतील तर. शिवाय माझ्या आधी स्टोरीबोर्ड, आवाजाचं रेकॉर्डिंग, लेआउट (कॅमेरा आणि पात्रांच्या जागा ठरवणं). माझ्यानंतर लायटिंग, रेंडर (प्रत्येक फ्रेमचं पक्कं चित्र काढणं), कॉम्पोझिटिंग (सगळे थर एकत्र जोडणं). एक टप्पा लांबला की पुढचे सगळे हात चोळत बसतात आणि मग रविवारी येतात. (सासऱ्यांना रविवारचं सांगितलं नव्हतं.)

भाग लागला तेव्हा आईला मुद्दाम दाखवला. तिचं लक्ष आजीकडे नव्हतंच. म्हणाली, "मागच्या भिंतीवर कॅलेंडर आहे ना, त्यावरच्या तारखा नीट दिसत नाहीत रे."

ते काम टेक्स्चरिंगवाल्यांचं.