ऑफ-रोड बायकिंगसाठी उन्हाप्रमाणे रंग बदलणाऱ्या काचेचा गॉगल घ्यावा का? घेताना काय पाहावं?

पहाटे निघून दुपारपर्यंत कच्च्या रस्त्यावर बाइक चालवत असाल तर जरूर घ्या, पण काच फिकी असताना किमान ८० टक्के प्रकाश आत सोडते ना, हे आधी तपासा. हा आकडा व्हीएलटी म्हणून दिलेला असतो. गडद बाजूला १८ ते २० टक्के आपल्याकडच्या उन्हाला बहुतेकदा पुरतात. ८ टक्क्यांच्या खालची काच वाहन चालवायला चालत नाही, तिच्या वाटेला जाऊ नका.

ही काच अतिनील किरणांमुळे गडद होते, उजेड किंवा चकाकीमुळे नाही. त्यामुळे हेल्मेटचा व्हायजर खाली ओढून आत गॉगल घातलात तर ती जवळपास बदलणारच नाही, कारण व्हायजर ते किरण अडवतो. शिवाय उष्णता वाढली की ती कमी गडद होते, म्हणजे एप्रिल-मेच्या दुपारी कंपनीने सांगितलेला गडदपणा मिळेलच असं नाही.

सगळ्यात गंभीर मर्यादा मात्र वेगळी आहे. काच काही सेकंदांत गडद होते, फिकी व्हायला मात्र काही मिनिटं लागतात. उन्हातून एकदम दाट झाडीत शिरलात की मुळं आणि दगड दिसायला त्रास होतो. तुमची वाट बहुतांश जंगलातली असेल तर साधी पारदर्शक काचच घ्या, ती स्वस्तही पडते.

चष्मा असेल तर चष्म्यावरून बसणारा, दुहेरी काचेचा गॉगल बघा. हेल्मेट सोबत नेऊन घालूनच पाहा.