आधी अडचण, मग प्राणी

प्रिय पोरी,

तुझी यादी मिळाली. घुबड, खंड्या, पाल, शार्क, देवमासा, वाळवी, कमळ. आणि खाली प्रश्न : "काका, निसर्गातली युक्ती यंत्रात वापरायच्या प्रोजेक्टला यातलं कुठलं घेऊ?" पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा चिडलो. तुझ्यावर कमी, स्वतःवर जास्त. अशीच यादी एके काळी माझ्याही टेबलावर होती.

आधी अडचण सांग. प्राणी नंतर.

बुलेट ट्रेनचं उदाहरण तू दिलंयस, पण उलटं. खंड्याची चोच आवडली म्हणून कुणी गाडी काढली नाही. जपानात गाड्यांचा वेग वाढला तशी गाडी बोगद्यात शिरताच पुढची हवा दाबली जायची, तो दाब लाटेसारखा पुढे पळायचा आणि दुसऱ्या तोंडाशी धडाम आवाज व्हायचा. आसपासच्या वस्तीला त्रास. एजी नाकात्सु हे त्या कामावरचे इंजिनिअर, पक्षी बघायचा नाद असलेले. हवेतून पाण्यात सूर मारताना खंड्या पाणी फारसं उडवत नाही, हे त्यांच्या डोळ्यांत भरलं, कारण प्रश्न आधीपासून डोक्यात ठाण मांडून होता. तरी त्यांनी चोचीवर भरवसा टाकला नाही. निरनिराळ्या आकारांच्या गोळ्या नळीत झाडून दाब मोजला, तेव्हा उत्तर चोचीच्या जवळ आलं. १९९७ मध्ये ५०० मालिकेची गाडी ताशी ३०० किलोमीटरनं धावू लागली, ती १५ मीटर लांब नाक घेऊन.

त्याच गाडीच्या पेंटोग्राफचा, म्हणजे छतावरून तारेची वीज घेणाऱ्या सांगाड्याचा, आवाज कमी करायला घुबडाच्या पंखावरच्या दात्यांची युक्ती वापरली होती. मी ते वाचलं आणि भारावलो. आमच्या कारखान्यात एक ब्लोअर, म्हणजे हवा ढकलणारा पंखा, फार ओरडायचा. त्याच्या पात्यांच्या कडांना मी दाते कापून घेतले. चार महिने गेले, पैसा गेला, आवाज तसाच. आमच्या फिटरनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "साहेब, आवाज पात्यात नाय, डक्टमध्ये आहे. हात लावून बघा." मी हात लावला नाही. डक्टचा, म्हणजे हवा नेणाऱ्या नळाचा, पत्रा थरथरत होता. घुबड संथ उडतं आणि माझं पातं मिनिटाला १४४० फेरे घेतंय, एवढंसुद्धा ताडून पाहिलं नव्हतं. तो फिटर निवृत्त होऊन गावी गेला. त्याची माफी मागायची राहिली, ती राहिलीच.

त्यानंतर मोजमापाचा कागद समोर आल्याशिवाय मी एकाही ड्रॉइंगवर सही केली नाही. लोक हेकट म्हणाले. दोन हुशार पोरं कंटाळून दुसऱ्या विभागात गेली, त्याचं वाईट वाटलं. पण मी कुणाच्या सुचण्याच्या आड येत नव्हतो गं. आवाज कुठून येतो, एवढंच विचारत होतो. आजही तेच विचारीन.

तू म्हणशील, मग वेल्क्रोचं काय? ते शोधणारे जॉर्ज द मेस्त्राल यांच्या कुत्र्याच्या केसांत १९४१ मध्ये काटेरी बोंडं अडकली, तेव्हा कुठली अडचण होती? कबूल, तिथे वनस्पती आधी आली. पण सूक्ष्मदर्शकाखाली बोंडांवरचे ते हुक बघण्यापासून पेटंट हाती येईपर्यंत १९५५ उजाडलं. तुझ्याकडे आठ महिने आहेत. म्हणून परत सांगतो : अडचण आधी.

आणि ती तुझ्याच पत्रात आहे, ताज्या कलमात : "गिरणीतल्या धुळीनं बाबांचा खोकला हटत नाहीये." अगं, ही ओळ सगळ्यात शेवटी लिहायची का?

रविवारी गिरणीत जाऊन बस. खिडकीतून ऊन आत येतं तेव्हा बघ, पीठ कुठून उडतंय : दाणे ओततात तिथून, जात्याच्या फटीतून, की डब्यात पीठ सोडणाऱ्या कापडी तोंडापाशी? ठिकठिकाणी सारख्या मापाचे काळे कागद ठेव आणि तासाभरानं कुठल्या कागदावर किती पीठ बसलं ते वजन कर. बाबांना विचार, त्यांना सगळ्यात जास्त ठसका कधी लागतो. ते तुझ्या गाईडपेक्षा जास्त सांगतील.

ते आकडे घेऊन माझ्याकडे ये. समुद्राच्या पाण्यातून अन्न गाळताना ज्याची गाळणी तुंबत नाही असा एक मासा आहे. त्याचं नाव मी तोवर सांगणार नाही.

तुझा,
काका