'अधिकृत प्रदेश' की 'व्याप्त प्रदेश'?

प्रश्न असा होता की परक्या सैन्याने धरून ठेवलेल्या मुलखाला, म्हणजे ऑक्युपाइड टेरिटरीला, मराठीत नक्की काय म्हणायचं, आणि हल्ली बातम्यांत 'अधिकृत प्रदेश' दिसतं ते चालेल का.

नाही चालणार. ते सरळ हिंदीतून उचललंय. हिंदीत अधिकृतचा 'ताब्यात घेतलेला' असाही अर्थ होतो, आपल्याकडे अधिकृत म्हणजे ऑफिशियल, मान्यताप्राप्त, त्यामुळे वाचणाऱ्याला नेमकं उलटं कळतं. मराठीत 'पाकव्याप्त'मुळे 'व्याप्त' चांगलं रुळलंय, तेच वापरा. अडचण एकच, त्याचं नाम करायला गेलं की 'व्याप्ती' होते आणि ती म्हणजे आवाका, म्हणून ऑक्युपेशनला मी 'लष्करी ताबा' म्हणतो.

कब्जा का नाही? बोलताना खुशाल म्हणा, पण कब्जा, बळकावणं या शब्दांत आरोप आधीच आलेला असतो आणि कायद्याची व्याख्या तशी नाही. 1907 च्या हेग नियमावलीचं (युद्धात काय चालतं, काय नाही याचे आंतरराष्ट्रीय नियम) कलम 42 बघा, शत्रुसैन्याची सत्ता जिथे प्रत्यक्षात चालते तो प्रदेश व्याप्त, बस्स. घुसले कसे, चूक कोणाची, हे तिथे विचारलेलंच नाही, त्याचा निकाल वेगळ्या नियमांनी लागतो. उदा. 2003 मध्ये इराकमधल्या अमेरिका-ब्रिटनला सुरक्षा परिषदेने ठराव 1483 मध्ये ताबा असलेल्या सत्ता म्हटलं, पण त्याने त्या युद्धाला मान्यता मिळाली असं होत नाही.

आणि ताबा म्हणजे मालकी नव्हे हे तर फारच महत्त्वाचं. त्याच हेग नियमावलीच्या कलम 55 नुसार ताबा घेणाऱ्याला तिथल्या सरकारी इमारती, जंगलं, शेतजमिनी यांचा फक्त भोगवटा मिळतो (हा आपला जुना शब्द इथे इतका चपखल बसतो की बास), म्हणजे उत्पन्न घ्या पण मूळ मालमत्ता सांभाळा. शिवाय अगदीच अशक्य नसेल तर तिथले कायदे तसेच चालू ठेवायचे आणि 1949 च्या चौथ्या जिनिव्हा करारानुसार आपली माणसं नेऊन तिथे वसवायची नाहीत. पाळतात किती हा प्रश्न वेगळा.

म्हणून 'विलीनीकरण' आणि 'ताबा' एकाच बातमीत अदलून बदलून लिहू नका. ऑगस्ट 1990 मध्ये इराकने कुवेत घेतलं आणि थोड्याच दिवसांत ते आपल्यात विलीन केल्याचं जाहीर केलं, सुरक्षा परिषदेने ठराव 662 ने ते विलीनीकरण रद्दबातल ठरवलं. म्हणजे सैन्य तेच, रस्त्यावरची परिस्थिती तीच, पण कायद्याने कुवेत व्याप्तच. 1981 मध्ये इस्राएलने सीरियाकडून घेतलेल्या गोलान टेकड्यांना आपला कायदा लावला तेव्हाही ठराव 497 ने हेच झालं. इथे 'विलीन केलं' असं बिनधास्त लिहिलं की दावा करणाऱ्याचं म्हणणं आपण मान्य केल्यासारखं होतं, 'विलीन केल्याचं जाहीर केलं' लिहा.

राहता राहिलं ऑक्युपाइंग पॉवर. ताबा घेणारा तो 'ताबेदार' असं कुणी केलंत तर पंचाईत, कारण मराठीत ताबेदार म्हणजे हुकमाचा बंदा. 'ताबा असलेली सत्ता' लांबलचक आहे खरं, पण सध्या तरी तेच लिहा.