ॲनिमिया हे निदान नव्हे

प्रिय,

सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या तपासणीचा रिपोर्ट, हातात आला की तुझी नजर आधी हिमोग्लोबिनवर जाते. जाऊ दे. पण तिथून थेट लोहाच्या गोळ्यांवर उडी मारू नकोस. ॲनिमिया, म्हणजे हिमोग्लोबिन कमी असणं, हे निदान नव्हे, लक्षण आहे. रक्त का कमी झालं, हे शोधायचं अजून बाकीच असतं.

तांबड्या पेशी कमी तयार होतात, लवकर फुटतात किंवा रक्तस्रावात जातात. तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते. तिची जागा भरायला अस्थिमज्जा दर सेकंदाला 20 लाखांच्या आसपास नव्या पेशी तयार करते. म्हणून रेटिक्युलोसाइट काउंट, म्हणजे नव्या कोवळ्या तांबड्या पेशींची मोजणी, मागव. तो वाढलेला असेल, तर मज्जा भरपाईला लागली आहे आणि पेशी दुसरीकडे कुठेतरी संपताहेत.

मग एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीचा सरासरी आकार. तो 80 च्या खाली असला की लोहाची कमतरता आणि थॅलेसेमिया मायनर (हिमोग्लोबिन नीट न बनण्याच्या आनुवंशिक आजाराचं सौम्य रूप) समोर येतात, आणि गफलत होते ती इथेच. लोह कमी असेल तर पेशींची संख्याही सहसा घटते. मायनरमध्ये पेशी बारीक, पण संख्या बऱ्याचदा 50 लाखांच्या वर! एमसीव्हीला दशलक्षातल्या त्या संख्येने (50 लाख असेल तर 5 ने) भाग. उत्तर 13 च्या खाली आलं तर हिमोग्लोबिन ए-टू (मायनरमध्ये सहसा वाढणारा हिमोग्लोबिनचा प्रकार) तपासायला सांग. हा भागाकार फक्त इशारा आहे, पुरावा नाही. फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याचा अंदाज देणारं प्रथिन, कमी असेल तर लोह कमीच. मात्र ते नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त होऊ नकोस, कारण इन्फेक्शनमध्येही ते वाढतं. मायनर असलेल्याला स्वतःला फारसा त्रास नसतो. पण जोडीदारही मायनर असेल, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला मेजर, म्हणजे या आजाराचं गंभीर रूप, होण्याची शक्यता 25 टक्के असते. नुसत्या गोळ्या लिहून दिल्या की हे कळायचं राहून जातं.

पन्नाशीच्या पुरुषात लोह कमी निघालं, तर पोटातून किंवा आतड्यातून रक्त जातंय का, हे विचारल्याशिवाय त्याला सोडू नकोस. एमसीव्ही 100 च्या वर असेल तर बी-12 बघ. ते कमी असताना नुसत्या फोलिक ॲसिडने हिमोग्लोबिन सुधारेल, पण आत नसांचं नुकसान चालूच राहील.

आणि प्लेटलेट अचानक 20 हजारांवर घसरलेले दिसले, रुग्णाच्या अंगावर मात्र रक्तस्रावाचा एकही डाग नाही? आधी रक्ताची स्लाइड मायक्रोस्कोपखाली बघ. ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीत कधीकधी प्लेटलेट एकमेकांना चिकटतात आणि मशीन त्यांना मोजत नाही. गठ्ठे दिसले तर सायट्रेट या तशाच दुसऱ्या रसायनाच्या नळीत नवं सॅम्पल मागव.